हात लावून पाहावे

नवी बाई घरात आली तेव्हा तिला काय म्हणायचं हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. लग्न संगमेश्वराकडे तिच्या गावी लागलं. आम्हा मुलांना नेलं नव्हतं. एका दुपारी दादा, म्हणजे आमचे वडील, सर्व्हिस मोटारीतून उतरले आणि त्यांच्यामागून गाठोडं सांभाळत एक सावळी, उंच मुलगी उतरली. ती एकोणीस वर्षांची होती आणि मी तेरा. आई म्हणावं तर आमची आई जाऊन दोन वर्षंही पुरती झाली नव्हती. नावानं हाक मारावी तर ती दादांची बायको. आणि 'अगं' म्हणावं की 'अहो', हेही कळेना. मग मी हाक मारायचीच नाही असं ठरवून टाकलं. "पाणी तापलं वाटतं," "विळी कुठे गेली कोण जाणे," "बाळूला भूक लागलीय," असं भिंतीकडे बघून बोलायचं आणि तिनं ते ऐकायचं. असे आम्ही चार महिने काढले. आता ऐंशीच्या घरात मला माणसांची नावं आठवत नाहीत तेव्हा मी पुन्हा तशीच बोलते. घरातल्यांना वाटतं म्हातारीला विसर पडायला लागला, पण ही विद्या माझी जुनी आहे.

आमचं घर मांडवीला, समुद्राच्या इतकं जवळ की खिडकीचे गज बाराही महिने मिठानं चिकट असत. दादा बंदरावर कारकून होते. मुंबईची आगबोट यायची ती लांब खोल पाण्यात उभी राहायची, भोंगा द्यायची, आणि किनाऱ्यावरून पडाव, म्हणजे मोठ्या होड्या, उतारू आणायला निघायचे. भोंगा ऐकला की दादा ताटावरून तसेच उठत. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा, दुपारी भात, आमटी आणि बाजारात मिळेल ते मासळीचं कालवण, असं आमचं खाणं. आई गेल्यावर बाळूला भरवायचं काम माझ्याकडे आलं. बाळू माझा धाकटा भाऊ, तेव्हा साडेतीन वर्षांचा. तो आपल्या हातानं जेवत नसे, आणि माझ्या किंवा आत्याच्या हाताशिवाय कुणाचा घास घेत नसे. आत्या ही दादांची थोरली बहीण. तिचं सासर आमच्याच आळीत, तीन घरं सोडून, त्यामुळे तिचा एक पाय तिच्या घरात आणि एक आमच्या. नव्या बाईनं घास पुढे केला की बाळू दोन्ही हातांनी तोंड घट्ट झाकून धरी. ती रोज घास पुढे करी, तो रोज तोंड झाकी, आणि ती घास परत ताटात ठेवी. "पोराला कळतं हो," आत्या म्हणायची, "बोलत नसलं तरी कळतं." बाळू मुळातच फार कमी बोलायचा. खरं सांगायचं तर त्यानं तोंड झाकलं की मला बरं वाटायचं. त्या घरात एवढी एक गोष्ट पुरती माझी राहिली होती.

नव्या बाईच्या गळ्यात मंगळसूत्राखेरीज काळ्या गोफात ओवलेला चांदीचा टाक होता. आताच्या मुलींना हे समजावून सांगावं लागतं. पहिली बायको वारलेल्या माणसाशी लग्न केलं तर दुसरीनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, असा रिवाज. रुपयाएवढा चांदीचा पातळ पत्रा, त्यावर मागच्या बाजूनं ठोकून उठवलेली बाईची आकृती. पुढून ती उंच दिसते आणि मागे तिचाच खोलगा असतो. नवं लुगडं नेसायच्या आधी त्याला दाखवायचं, जेवताना पहिलं शीत त्याला लावायचं, म्हणजे गेलेलीचा मान राहतो आणि तिचा कोप होत नाही. नवी बाई पानावर बसली की पदराआडून टाक बाहेर काढी, त्याला भाताचं शीत टेकवी आणि हळूच म्हणे, "अक्का, जेवा." माझ्या आईला तिनं कधी पाहिलंसुद्धा नव्हतं, तरी तिला हाक मारायला तिच्याजवळ शब्द होता. माझ्याजवळ तिच्यासाठी नव्हता.

त्या टाकावरच्या बाईला नाक नव्हतं, डोळ्यांच्या जागी दोन टिंबं होती, आणि आमच्या आईशी तिचं काडीचंही साम्य नव्हतं. पण आत्या बाळूला कडेवर घेऊन दाखवायची, "ती बघ तुझी आई. तिथं आहे." बाळू लगेच हात पुढे करी. मग आत्याच त्याच्या हातावर चापट मारी. "हात नाही लावायचा. पारोसा आहेस." मी हे बघत असे आणि माझ्या डोक्याचा अगदी गुंता होई. आई खरंच तिथं असेल तर तिच्या मुलानं हात का लावायचा नाही? आणि नसेल तर रोज भात कुणाला देतात? दादा तर त्या टाकाकडे कधी चुकूनही बघत नसत. त्यांना विचारायची सोय नव्हती; त्यांचं कुठल्याही प्रश्नाला एकच उत्तर असायचं, "बघू."

त्याच सुमाराला गावातल्या सुमतीबाईंनी आपल्या घरातला अजबखाना मुलांसाठी उघडला. त्यांचे सासरे आफ्रिकेत रेल्वेत नोकरी करून आलेले गृहस्थ. त्यांनी आयुष्यभर नाना वस्तू जमवल्या होत्या. शहामृगाचं अंडं, देवमाशाच्या पाठीचा मणका, जुनी नाणी, तांब्यापितळेचे दिवे, गलबताचं होकायंत्र, हे सगळं काचेच्या कपाटांत बंद, आणि प्रत्येक कपाटावर त्यांच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी, 'हात लावू नये'. सासरे वारले. सुमतीबाई लहान मुलांना शिकवायची नवी पद्धत गुजराथेत जाऊन शिकून आल्या होत्या. त्यांनी कपाटं उघडली, वस्तू खाली चटयांवर मांडल्या आणि बाहेरच्या दारावर पाटी लावली, 'हात लावून पाहावे'. दर शनिवारी दुपारी, शाळेत जायचं वय न झालेल्या मुलांसाठी. अट एकच. मूल सोडून निघून जायचं नाही. जो कुणी मुलाला आणेल त्यानं चटईवर बसायचं आणि मुलाबरोबर खेळायचं. गावात यावर पुष्कळ बोलणं झालं. पोरांनी खेळायचं हे लोकांना समजत होतं, मोठ्यांनी का खेळायचं हे समजत नव्हतं. बाळूला तिथं धाडावं, म्हणजे तो थोडा बोलायला लागेल, असं सुमतीबाईंच्या यजमानांनी दादांना बंदरावर सांगितलं. दादा घरी येऊन म्हणाले, "बघू." म्हणजे हो.

आत्या म्हणाली, "नव्या बाईला जाऊ दे त्याला घेऊन. पण तारी पण जाईल बरोबर. लक्ष ठेवायला." तारी म्हणजे मी. लक्ष कुणावर ठेवायचं, बाळूवर की तिच्यावर, हे आत्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

पहिल्या शनिवारी गेलो तर प्रत्येक चटईवर दोन जागा, एक मुलाची आणि एक मोठ्या माणसाची. बाळू बसला, नवी बाई बसली. सुमतीबाई मला म्हणाल्या, "तू कुणात गं? मुलांत की मोठ्यांत?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

"मग कुठेही बस. दोन्ही चालतं."

मला हे फार अपमानाचं वाटलं. मी जाऊन खिडकीत बसले आणि पुढे गेले तेवढे सगळे शनिवार खिडकीतच बसले. एका वस्तूलाही मी हात लावला नाही. समोर देवमाशाचा मणका पडलेला असे, पाटाएवढा मोठा, भोकाभोकांचा, आणि तो हाताला कसा लागत असेल या विचारानं माझी बोटं अक्षरशः शिवशिवत. पण लहान मुलं ज्याला हात लावतात त्याला मी कशी लावणार, आणि मोठ्यांत बसायचं तर नव्या बाईच्या शेजारी बसावं लागणार.

हल्ली माझी नातसून तिच्या लेकीला मुंबईत कुठल्याशा म्युझियममध्ये असल्याच कार्यक्रमाला नेते. एकदा मलाही घेऊन गेली. तिथल्या मुलीनं मला खुर्ची दिली आणि मुलांना नवलाच्या वस्तू दिल्या. मी म्हटलं, अगं, मलाही दे की एखादी. ती हसली; तिला वाटलं आजी गंमत करताहेत. सुमतीबाई असत्या तर त्यांनी मला चटईवर बसवलं असतं, गुडघे दुखोत की काही होवो.

सुमतीबाईंकडे एक खणाची पिशवी होती. आत काहीतरी ठेवलेलं असे. न बघता हात घालायचा आणि काय आहे ते सांगायचं. आधी मुलानं, मग त्याच्या मोठ्यानं. गणू नावाच्या मुलाला त्याचे आजोबा घेऊन येत. ते पेन्शनीतले हवालदार, मिशा कानापर्यंत. दोन शनिवार ते भिंतीला टेकून उभे राहिले, बसलेच नाहीत. तिसऱ्या शनिवारी गणूनं त्यांचा हात धरून पिशवीत घातला. हवालदार "अरे बापरे!" म्हणून ओरडले आणि हात झटकून मागे सरले. आत वाळलेलं घोसाळं होतं, पाण्यात भिजवलेलं. सगळ्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या, आणि त्यात एक हसू मला अनोळखी वाटलं. मोठं, मोकळं, अजिबात न दाबलेलं. ते आमच्या नव्या बाईचं होतं. चार महिन्यांत घरात ते कुणी ऐकलं नव्हतं. पुढच्या शनिवारपासून हवालदार सगळ्यांच्या आधी येऊन चटईवर बसत. नवी बाईही शनिवार उजाडला की भराभर कामं आवरायला लागे. मला हे बरोबर वाटत नव्हतं, पण त्यात चूक काय आहे तेही सांगता येत नव्हतं.

घरी मात्र बाळूची पंचाईत व्हायला लागली. तिथं शंख कानाला लाव, दिवा हुंगून बघ, मापानं तांदूळ ओत, सांडले तरी कुणी रागवत नाही. आणि घरी देवांना हात लावू नको, लोणच्याच्या बरणीला हात लावू नको, दादांच्या कागदांना लावू नको. एकदा बरणीत हात घातला म्हणून आत्यानं त्याला धपाटा दिला, तर तो रडला नाही. उठून दारापाशी गेला आणि वर बघत राहिला. तो पाटी शोधत होता हे मला कळलं, आत्याला कळलं नाही. मी तिला सांगितलंही नाही.

मग एका शनिवारी सुमतीबाई म्हणाल्या, "पुढच्या खेपेला मऊ माती असेल. घरातली एकेक वस्तू आणा, नक्षीची, मुलाच्या आवडीची. मातीवर ठसे घेऊ." आमच्याकडून काय न्यायचं ते मी ठरवलं: सोऱ्यातली चकलीची चकती, चांदणीच्या भोकाची. त्या शनिवारी गणूनं आजोबांच्या पट्ट्याचं बक्कल आणलं होतं. राजिवड्याहून येणाऱ्या एका नानीनं नातवासाठी पितळी सुरमादाणी आणली होती, तिच्यावर बारीक वेलबुट्टी होती. माती मळून तयार होती. नव्या बाईनं तिचा गोळा हातात घेतला, दाबून पाहिला, त्यातला एक खडा काढून टाकला आणि अंगठ्यानं थापून गोळ्याची अशी सुबक वडी केली की सुमतीबाई बघत राहिल्या. "आमचं घर नदीवर," ती लाजून म्हणाली. "गणपतीची माती आम्हीच काढतो."

बाळूनं चकतीची एक चांदणी उठवली आणि चकती बाजूला सारली. मग त्यानं तिच्या गळ्याकडे बोट दाखवलं.

"ते."

"काय रे बाबू?"

"ते. हात लावायचा."

तिनं चटकन पदर पुढे ओढला. मग खिडकीकडे, माझ्याकडे पाहिलं. मी लक्ष ठेवायला आले होते. मी बाहेर समुद्राकडे तोंड वळवलं. पण कान तिकडेच होते. तिला वाचता येत नव्हतं. तिनं सुमतीबाईंना विचारलं, "बाई, त्या पाटीवर लिवलंय ते सगळ्याच वस्तूंना हाय का? का तुमच्याच?"

ती कशाबद्दल विचारते आहे हे सुमतीबाईंना ठाऊक नव्हतं. त्या दुसऱ्या मुलाचे हात पुसत म्हणाल्या, "सगळ्याच."

तिनं गळ्यातून गोफ काढला आणि टाक बाळूच्या हातात दिला.

मी आता उघड उघड बघत होते. बाळूनं टाक उलटासुलटा केला. हुंगला. शंखासारखा कानाला लावला. मग जीभ लावून पाहिली. मग तो मातीच्या वडीवर उपडा ठेवून दोन्ही हातांनी जोर लावून दाबला आणि उचलला. मातीत एक खळगा पडला होता. तो कितीतरी वेळ त्या खळग्यात बघत बसला.

"खड्डा," तो म्हणाला. "आई नाही. खड्डा." आणि त्याचा ओठ थरथरायला लागला.

"थांब, थांब. रडू नको. मी दावतंय तुला." तिनं टाक पालथा करून मागच्या खोलग्यात बोटानं माती भरली, चेपली, तळव्यावर ठेवून हलकेच ठोकली. तिच्या तळहातावर एक मातीची बाई उतरली. दोन टिंबांचे डोळे, जोडलेले हात.

"ही?" बाळूनं विचारलं.

"ही तुझी. ती माझ्या गळ्यातली, ही तुझ्या हातातली. आता तुझ्याकडे पण हाय."

बाळूनं टाक उचलला आणि स्वतःहून तिच्या हातात ठेवला. मग तिच्या मांडीवर जाऊन बसला. खेळ संपल्यावर सुमतीबाई सगळ्यांना लाह्यांचा लाडू देत. तिनं लाडवाचा तुकडा मोडला, आणि चार महिन्यांच्या सवयीनं घाबरतच पुढे केला. बाळूनं तोंड उघडलं. सबंध लाडू त्यानं तिच्या हातून खाल्ला.

आज मला सगळं उलगडून सांगता येतं. त्या पोराला तिचा राग नव्हताच. तुझी आई तिथं आहे असं त्याला रोज सांगितलं जात होतं, आणि ही बाई आपल्या आईला पदराआड ठेवते, देत नाही, एवढंच त्याला दिसत होतं. पण तेव्हा यातलं काहीही माझ्या ध्यानात आलं नाही. तेव्हा मला एवढंच कळलं की बाळूचा घास माझ्या हातून गेला. आणि आई तीन हातांवर चटईवर पडलेली होती, बाळूनं तिला हातात घेतलं, नानीचा नातू रांगत येऊन तिला बोट लावून गेला, आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही. मी खिडकीतून उतरले आणि घरापर्यंत पळत गेले.

आत्या ओटीवर तांदूळ निवडत होती. "काय गो तारे? काय झालं?"

"तिनं आईला गळ्यातून काढलं आणि चिखलात दाबलं," मी म्हटलं.

यातला एकही शब्द खोटा नव्हता. मी आयुष्यात पुढे खोटंही बोलले आहे, चारचौघांइतकं. पण त्या एका खऱ्या वाक्याएवढं वाईट मी काही बोलले असेन असं मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळूला ताप भरला. ओल्या मातीत दुपारभर बसलेलं मूल, ताप येणारच, पण आत्याला कारण आयतं मिळालं होतं. "कोपली," ती म्हणाली. "सवतीला चिखलात घालते म्हणजे काय! पोराच्या जिवावर बेतलं." तिनं नव्या बाईच्या गळ्यातून टाक काढून घेतला, दुधानं धुतला आणि देव्हाऱ्यात नेऊन ठेवला. मग दादांच्या मागे लागली की हिला माहेरी पोचती करा. दादांनी नव्या बाईला विचारलं, "काढला होतास?" ती म्हणाली, "काढला." दादांनी मला विचारलं, "तू पाहिलंस?" मी म्हटलं, "पाहिलं." दादा म्हणाले, "बघू." आणि बुधवारच्या मोटारीनं तिला संगमेश्वरला सोडायचं ठरलं. थोडे दिवस, असं म्हणत सगळे. पण अशी पाठवलेली बाई पुन्हा आणायला कुणी जात नाही हे मलाही माहीत होतं, आणि तिला तर माहीत होतंच.

मला वाटलं होतं की मला आनंद होईल. झाला नाही. ती आरडाओरडा करील, रडेल, माझ्याकडे रागानं बघेल, असं वाटलं होतं. तसंही काही झालं नाही. ती नेहमीसारखी पहाटे उठे, पेज शिजवी, सगळ्यांना वाढी. फक्त स्वतः पानावर बसेना. पहिल्या दिवशी कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी दादांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "अक्का जेवल्याबिगर मी कशी जेवू? टाक तर देव्हाऱ्यात हाय." आत्यानं सांगून ठेवलं होतं की तिनं देव्हाऱ्याजवळ जायचं नाही. ती नुसती पेजेचं वरचं पाणी पीत होती. मला काही समजेना. आईला चिखलात घालणारी बाई आईच्या आधी जेवत नाही, हे काय आहे? मी मोठ्या हिमतीनं बाळूला भरवायला बसले, तर बाळूनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. माझ्यापुढे.

बुधवारी सकाळी बाळूचा ताप उतरलेला होता. नव्या बाईचं गाठोडं उंबऱ्याशी होतं. आत्या बाळूला मांडीवर घेऊन पेज पाजू बघत होती आणि बाळू तोंड झाकून बसला होता. दादा डोक्याला टोपी घालून मोटारीच्या भोंग्याची वाट बघत ओटीवर उभे होते. तेवढ्यात सुमतीबाई आल्या, हातात फडक्यानं झाकलेली थाळी.

"मुलांचे ठसे वाळले," त्या म्हणाल्या. "ज्याचे त्याला देत फिरतेय. बाळू, हे तुझं."

त्यांनी मातीची बाई त्याच्या हातात ठेवली आणि मग त्यांचं लक्ष गाठोड्याकडे गेलं. बाळू आत्याच्या मांडीवरून उतरला. जमिनीवर मांडी घालून त्यानं मातीची बाई पुढ्यात ठेवली, वाटीत बोट बुडवून पेजेतलं एक शीत काढलं, तिला टेकवलं आणि म्हणाला, "अक्का, जेवा." मग उठून उंबऱ्यापाशी गेला आणि नव्या बाईच्या गळ्यावर बोट ठेवलं. तिथं गोफ नव्हता.

"तुझी कुठाय?" त्यानं विचारलं.

लांब रस्त्यावर मोटारीचा भोंगा वाजला. दादा माझ्याकडे वळले.

"तारे, त्या दिवशी काय झालं?"

"तिनं टाक काढला होता."

"सगळं सांग."

मी भिंतीकडे बघून बोलायला लागले, आणि मग तसं जमेना म्हणून तिच्याकडे बघून बोलले. "बाळूनं मागितला. म्हणून तिनं दिला. सुमतीबाईंना विचारून दिला. तिनं बाळूला ही बाई करून दिली." एवढं झालं. अजून एक वाक्य राहिलं होतं. "मग बाळू तिच्या हातचं जेवला."

दादा 'बघू' म्हणाले नाहीत. ते टोपी घातलेलेच देव्हाऱ्यापाशी गेले, टाक उचलला, बाहेर येऊन तिच्या हातावर ठेवला, आणि गाठोडं उचलून आतल्या खोलीत नेऊन टाकलं. मोटार आळीच्या तोंडाशी थांबली, दोनदा भोंगा देऊन निघून गेली. आत्या म्हणाली, "पुढे काही झालं तर मला सांगू नका," आणि तरातरा आपल्या घरी गेली. दोन दिवसांनी ती आंबोळ्या घेऊन परत आली. सुमतीबाईंनी त्या सकाळी आमच्याकडे पेज घेतली. नव्या बाईनं गोफ गळ्यात घातला, पानावर बसली, टाकाला शीत लावलं, "अक्का, जेवा" म्हणाली आणि मग तीन दिवसांनी पहिला घास घेतला.

बाळू तिला त्या दिवसापासून अक्का म्हणायला लागला. जेवण आणि अक्का हे त्याच्या डोक्यात एकच होऊन बसलं होतं. त्याचं ऐकून मीही अक्का म्हणायला लागले. म्हणजे आमच्या घरात दोन अक्का झाल्या, एक गळ्यात आणि एक चुलीपाशी, आणि कुणाचाही गोंधळ झाला नाही. अजबखाना पुढे दोन वर्षं चालला. मी मात्र परत गेले नाही. शाळेचा अभ्यास आहे असं सांगून सुटका करून घेतली. त्या शनिवारी घरी जाऊन कोण बोललं, हे अक्कानं मला कधी विचारलं नाही. तिला ठाऊक आहे की नाही, या काळजीत मी तिच्याबरोबर तीन वर्षं भांडी घासली, मासळी साफ केली, पापड लाटले.

तीन वर्षांनी माझं लग्न झालं. सासरी निघायच्या सकाळी ओटीवर माणसांची गर्दी होती. अक्कानं मला हाक मारून मागच्या पडवीत नेलं. मला वाटलं काही खाऊ द्यायचा असेल. तिनं पदर बाजूला केला, गळ्यातून गोफ काढला आणि टाक माझ्यापुढे धरला.

"हात लाव," ती म्हणाली. "त्या दिवशी सगळ्यांनी लावला. तुझाच राहिला."

मी विचारलं, "अक्का, म्हणजे तुला माहीत होतं?"

"तू खिडकीत बसलेली मला दिसत होतीस की गो," ती म्हणाली. "मी तेव्हाच विचारायला हवं होतं तुला. माझं चुकलं."

मी हात पुढे केला. तिनं टाक माझ्या तळव्यावर ठेवला आणि वरून माझी बोटं मिटली. आईचा म्हणून जो स्पर्श मला आठवत होता तसं त्यात काही नव्हतं. तो अक्काच्या अंगानं गरम झालेला होता.